ख्रिस्ती धर्मचर्चेतील जड शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग भरतो आणि गेली काही वर्षे तो चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. वर्गात कॅथलिक आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद आहेत, पेंटेकॉस्टल उपासनेला जाणारे आहेत, आणि ज्यांच्या घरातली बाकीची सगळी माणसे हिंदू किंवा बौद्ध आहेत असेही काही जण आहेत. वर्गात वाद होतात आणि ते व्हावेत असेच मला वाटते. मात्र इतक्या वर्षांत माणसे दुखावून उठून गेली ती बहुतेक वेळा एखाद्या सिद्धान्तामुळे नव्हे, तर त्यांना चिकटवलेल्या एखाद्या शब्दामुळे. त्या शब्दांविषयी मला वारंवार जे विचारले जाते, ते येथे एकत्र केले आहे.

‘जड शब्द’ म्हणजे नेमके कोणते शब्द?

ज्या शब्दात वर्णन आणि निवाडा हे दोन्ही एकाच वेळी भरलेले असतात, त्याला मी जड शब्द म्हणतो. ‘ते लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत’ हे वर्णन आहे, आणि ज्यांच्याविषयी ते केले आहे त्यांनाही ते मान्य होईल. ‘ते पाखंडी आहेत’ या वाक्यात मात्र त्यांचे नेमके मत काय, हे कोठेच सांगितलेले नाही. निकाल तेवढा सुनावला आहे. ऐकणाऱ्याला माहिती मिळत नाही, पण कोणाच्या बाजूने उभे राहायचे याची सूचना मिळते.

एखादा शब्द जड आहे की नाही, हे ओळखण्याची मी वापरत असलेली कसोटी साधी आहे. ज्याच्याविषयी तो वापरला आहे तो माणूस खोलीत बसलेला असता, तर आपण तोच शब्द त्याच स्वरात वापरला असता का? आणि तो म्हणाला असता का, की होय, मी तोच?

‘ख्रिस्ती’ हे नावही मुळात इतरांनी दिलेले आहे, ही गोष्ट येथे आठवण्यासारखी आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात येशूच्या शिष्यांना हे नाव प्रथम अंत्युखिया या नगरात मिळाले असे म्हटले आहे, आणि नव्या करारात ते जेथे जेथे येते तेथे बाहेरच्यांच्या दृष्टीची छटा त्यात आहे. पुढे शिष्यांनी ते आपलेसे केले. बाहेरून आलेला शब्द माणसे स्वीकारूही शकतात. मात्र स्वीकारण्याचा हक्क त्यांचा असतो.

‘पाखंडी’ हा शब्द शास्त्रीय आहे ना? मग तो वापरायला हरकत काय?

या शब्दाचा इतिहास सावकाश पाहावा, असे मी प्रत्येकाला सुचवतो, कारण तो थेट आपल्या परिसरातून जातो.

‘पाखंड’ हा शब्द ‘पाषंड’ या रूपात सम्राट अशोकाच्या शिलालेखांत येतो, आणि तेथे त्याचा अर्थ केवळ धर्मसमुदाय किंवा संप्रदाय असा आहे. गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक सर्व पाषंडांचा आदर करतो आणि सांगतो की, सर्व समुदायांची जी सारवृद्धी व्हायची तिचे मूळ ‘वचिगुती’त, म्हणजे वाणीच्या संयमात आहे; प्रसंग नसताना आपल्या समुदायाची स्तुती आणि दुसऱ्याच्या समुदायाची निंदा करू नये. याच लेखमालेतील आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यात सापडला आणि नवव्याचा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली मिळाला. आज ज्या वसई आणि नालासोपारा परिसरात मराठी कॅथलिकांची मोठी वस्ती आहे, त्याच भूमीवर ही लेखमाला कोरलेली होती. पुढे स्मृतिग्रंथांत ‘पाषंडी’ म्हणजे वेदबाह्य, टाळण्याजोगा माणूस असा अर्थ रूढ झाला, आणि मराठीत तर तो ढोंग्याच्या पंक्तीला जाऊन बसला.

पाखंडाला इंग्रजीत ‘हेरेसी’ म्हणतात. त्यामागच्या मूळ ग्रीक शब्दाचे असेच झाले. ‘हायरेसिस’ म्हणजे निवड, आणि त्यावरून विशिष्ट विचाराचे मंडळ. प्रेषित पौलावर आरोप करणारे त्याच्या मार्गाला हेच नाव देतात, आणि तो राज्यपालासमोर उत्तर देताना म्हणतो की, ज्या मार्गाला हे लोक पंथ म्हणतात त्या मार्गाप्रमाणे मी आमच्या पूर्वजांच्या देवाची सेवा करतो. म्हणजे ज्या शब्दाने पुढे चर्चने इतरांना दोषी ठरवले, तो शब्द आधी चर्चच्याच अंगावर आलेला होता.

आता कायद्याची बाजू. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ७५१व्या कलमात पाखंडाची व्याख्या आहे: स्नानसंस्कार (म्हणजे बाप्तिस्मा) झालेल्या व्यक्तीने श्रद्धेने मानावयाचे एखादे सत्य हट्टाने नाकारणे, किंवा त्याविषयी हट्टाने शंका धरणे. श्रद्धेचा पूर्ण त्याग आणि चर्चच्या एकतेपासून फुटणे या दोन वेगळ्या गोष्टी त्याच कलमात वेगळ्या सांगितल्या आहेत. या व्याख्येत ‘हट्टाने’ हा शब्द निर्णायक आहे. ज्याने ते सत्य कधी नीट ऐकलेच नाही, ज्याला ते समजले नाही, किंवा जो प्रामाणिकपणे शोध घेत आहे, त्याला ही व्याख्या लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केलेल्या ख्रिस्ती एकतेविषयीच्या निर्णयपत्रात तर स्पष्ट म्हटले आहे की, आज जे वेगळ्या मंडळ्यांत जन्मून वाढले त्यांच्यावर फुटीच्या पापाचा ठपका ठेवता येत नाही. त्याच निर्णयपत्रात एकतेच्या कामाची सुरुवात कोठून होते, तेही सांगितले आहे: विभक्त बांधवांच्या स्थितीचे खरे आणि न्याय्य चित्र न देणारे शब्द, निवाडे आणि कृती टाळण्यापासून.

याउपर आपल्या भागात या शब्दाला एक वेगळे ओझे आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे, न्यायासन बसले आणि मधला थोडा खंड सोडल्यास ते १८१२ पर्यंत चालले. १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेला वसईचा मुलूखही त्याच्या अधिकारात होता. त्या काळी हा शब्द केवळ मतभेद दाखवत नव्हता. त्यामागून तुरुंग, मालमत्तेची जप्ती आणि त्याहून भयंकर शिक्षा येत असे. हा शब्द उच्चारताना मला ते न्यायासन विसरता येत नाही, आणि इतरांनीही विसरू नये असे वाटते.

म्हणून माझे उत्तर असे: ख्रिस्त हा देवाने निर्माण केलेला आहे असे शिकवणाऱ्या चौथ्या शतकातील एरियसविषयी, किंवा एखाद्या परिषदेने नेमक्या शब्दांत अमान्य केलेल्या मताविषयी बोलताना हा शब्द इतिहासाचा शब्द म्हणून वापरता येईल. समोर बसलेल्या माणसासाठी तो वापरू नये.

म्हणजे चुकीला चूक म्हणायचेच नाही का?

अवश्य म्हणावे. पौलाने अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र याला तोंडावर विरोध केला, आणि त्याने तो कसा केला ते गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वाचता येते. त्याने पेत्राचे नेमके वागणे सांगितले: काही माणसे येईपर्यंत तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता आणि ती आल्यावर तो मागे सरला. सुवार्तेच्या सत्याशी हे वागणे का विसंगत आहे, हेही त्याने सांगितले. ‘ढोंग’ हा शब्द त्या उताऱ्यात येतो, पण तो त्या एका कृतीला लागलेला आहे. पेत्र म्हणजेच ढोंग, असे तेथे कोठेही नाही.

‘कॅथलिक कर्मांनी तारण मानतात’, म्हणजे पापातून सुटका सत्कर्मांनी होते असे मानतात, हा आरोप आमच्या वर्गात जवळपास दरवर्षी होतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि सोळाव्या शतकातील परस्परांवरचे धिक्कार त्या घोषणापत्रात मांडलेल्या आजच्या शिकवणीला लागू होत नाहीत, असे दोघांनी मिळून म्हटले. मेथडिस्टही २००६ साली त्यात सामील झाले. मतभेद सगळे मिटलेले नाहीत. पण ज्याला त्यावर बोलायचे आहे, त्याने सोळाव्या शतकातले दूषण उचलून आणण्यापेक्षा आजचा मतभेद नेमका कोठे उरला आहे ते दाखवावे. हे काम कष्टाचे आहे, आणि जड शब्द नेमके तेच कष्ट वाचवतात.

‘कल्ट’ला मराठीत ‘पंथ’ म्हणावे का?

नाही. मराठीत ‘पंथ’ हा मानाचा शब्द आहे. महानुभाव पंथ, नाथपंथ, वारकरी पंथ हे शब्द आपण आदराने उच्चारतो. प्रॉटेस्टंट पंथ हेही शाळेच्या पुस्तकातले साधे वर्णन आहे. एखाद्या गटावर धोकादायक असल्याचा आरोप करण्यासाठी ‘पंथ’ हा शब्द तोंड वाकडे करून वापरला, तर मराठी श्रोता गोंधळतो, आणि शेजारच्या वारकऱ्याला उगाच वाईट वाटते.

शिवाय ‘कल्ट’ या शब्दात दोन अगदी वेगळे आरोप मिसळलेले असतात. एक सिद्धान्ताचा, म्हणजे हे लोक त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत असा. दुसरा वर्तनाचा, म्हणजे हा गट माणसांना घरापासून तोडतो, पैसा उकळतो, प्रश्न विचारू देत नाही असा. पहिल्याची चर्चा पवित्र शास्त्र उघडून करायची असते. दुसऱ्यासाठी पुरावा लागतो, आणि प्रसंगी पोलिसांकडे जावे लागते. यहोवाचे साक्षीदार त्रैक्य मानत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे आणि ते स्वतःच ती सांगतात. तेवढ्यावरून त्यांना दुसऱ्या आरोपाच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. केरळमधील त्यांच्या तीन मुलांना राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते न गायल्यामुळे शाळेतून काढले गेले होते, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची श्रद्धा मला पटत नाही. त्या मुलांचा हक्क मात्र मला पूर्णपणे पटतो.

‘नामधारी ख्रिस्ती’ आणि ‘तारण झालेले’ हे शब्द तर आपल्याच लोकांचे आहेत. त्यांत काय बिघडते?

सर्वांत जास्त दुखावणारे शब्द हेच आहेत, कारण ते घरातल्या माणसांना लागतात.

एका अंत्यविधीची गोष्ट सांगतो. गेलेली वृद्ध बाई साठ वर्षे त्याच चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसत आली होती. रविवारी सकाळी वेदीवरची फुले तीच लावायची, आणि कोणाच्या घरी बाळंतपण असले की डिंकाचे लाडू तिच्याकडून जायचे. तिने कधी उभे राहून साक्ष दिली नव्हती, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सर्वांसमोर सांगितला नव्हता. तिच्या पिढीत ती पद्धतच नव्हती. दफनभूमीत बाहेरगावहून आलेल्या प्रचारकांनी, बहुधा उपस्थितांना जागे करावे या हेतूने, सांगितले की, नामधारी ख्रिस्ती म्हणून मरणे ही सर्वांत मोठी शोकांतिका आहे. त्यांनी बाईंचे नाव घेतले नव्हते. पण तिच्या मुलीच्या हातात मूठभर माती होती, आणि ती टाकायची विसरून ती तशीच उभी राहिली. ‘आईचं तारण झालं नव्हतं असं म्हणाले का ते?’ असे तिने मला नंतर विचारले. पुढे कित्येक महिने ती चर्चला आली नाही.

‘नामधारी’ हा शब्द अंतःकरणाविषयी निवाडा करतो, आणि अंतःकरण पाहणे आपल्या हातात नाही. श्रद्धा केवळ वारशाने मिळत नाही हा मुद्दा खरा आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. पण तो ‘आपण’ या सर्वनामाने शिकवता येतो. ‘आपली श्रद्धा सवयीपुरती उरली आहे का, हे आपण तपासू या’ या वाक्यात बोलणाराही सामील असतो.

‘नव्याने जन्मलेला’ या शब्दाचे असेच आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात, आणि येशूला भेटायला आलेल्या निकदेमाचा गोंधळ त्यातूनच उभा राहतो. कोणी तो जन्म स्नानसंस्काराशी जोडतात, कोणी एका निश्चित दिवशीच्या निर्णयाशी. म्हणून ‘तुमचा नवा जन्म झाला आहे का?’ असे ज्याला विचारले जाते, त्याच्या कानावर कधी कधी ‘तुम्ही खरे ख्रिस्ती आहात का?’ असेच पडते. ‘ख्रिस्तावरच्या तुमच्या श्रद्धेची वाटचाल कशी झाली?’ असे विचारून पाहावे. उत्तर मोठे येते, आणि बहुधा डोळ्यांत पाणी आणून येते.

‘मूर्तिपूजक’ हा शब्द पवित्र शास्त्रातला आहे. तो कोणाला लावावा?

कॅथलिकांना लावू नये. त्यांच्या चर्चमध्ये पुतळे असतात हे खरे. पण ७८७ साली निकेया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमेला द्यायचा मान आणि केवळ देवाला द्यायची आराधना यांत स्पष्ट भेद केला आहे. तो भेद प्रत्यक्षात पाळला जातो का, यावर बोलता येईल. तो मानलाच जात नाही असे म्हणणे मात्र असत्य आहे. दहा आज्ञांची मोजणीही निरनिराळी आहे. कॅथलिक आणि लुथरन प्रतिमेविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच धरतात, तर बहुतेक प्रॉटेस्टंट तिला दुसरी म्हणतात. म्हणून ‘यांनी दुसरी आज्ञाच गाळली’ हा आरोप या मोजणीच्या अज्ञानातून येतो.

हिंदू शेजाऱ्यांविषयी हा शब्द अधिक विचाराने वापरावा लागतो. पुष्कळ हिंदू स्वतःला सहजपणे मूर्तिपूजक म्हणवतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. मात्र आपल्या उपदेशात हाच शब्द येतो तेव्हा संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला सगळा धिक्कार तो सोबत घेऊन येतो. शब्द एकच, पण ओझी दोन. शिवाय सगळ्या हिंदूंना तो लागू नाही. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज मूर्तिपूजा मानत नव्हता. आणि वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणबत्त्या घेऊन डोंगर चढणाऱ्यांत आपले हिंदू शेजारी किती असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला कोण कशाला नमस्कार करतो याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

‘यहूदी’ आणि ‘परूशी’ या शब्दांबद्दल एवढी काळजी कशासाठी? आपल्याकडे कुठे यहूदी आहेत?

आहेत, आणि ते मराठी आहेत. अलिबाग, नवगाव, पेण, पनवेल या जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले बेने इस्राएल हे यहूदी शतकानुशतके मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले, तरी तेथेही त्यांनी मराठी जपली आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. तेव्हा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आपण योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचे वाचन करतो आणि ‘यहूदी ओरडले’ असे मोठ्याने म्हणतो, तेव्हा ते मराठी वाक्य ज्यांना लागते ती मराठी माणसे जगात आहेत.

योहानाच्या त्या कथेतला हा शब्द बहुतेक ठिकाणी यरुशलेमेतील अधिकारीवर्गाकडे रोख ठेवून येतो. येशू यहूदी होता, त्याची आई, त्याचे बाराही शिष्य, कबरेपाशी आलेल्या स्त्रिया या सर्व यहूदी होत्या. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहूद्यांवर, टाकता येत नाही. त्याआधी १९५९ साली पोप तेविसावे योहान यांनी उत्तम शुक्रवारच्या लॅटिन प्रार्थनेतून यहूद्यांना लावलेले ‘पेर्फिदिस’ हे विशेषण काढून टाकले होते. चर्चच्या जुन्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘विश्वास न ठेवणारे’ असा करता येत होता. युरोपच्या बोलभाषांत मात्र तो ‘दगाबाज’ असा ऐकू जात होता. नाझींनी लाखो यहूद्यांचा संहार केला, त्याला तेव्हा अजून १५ वर्षेही झाली नव्हती. एक शब्द गाळला गेला, आणि तो गाळायला इतकी शतके लागली.

आता ‘परूशी’, म्हणजे येशूच्या काळातील नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी गट. मराठी ख्रिस्ती घरांत हा शब्द सरळ शिवी म्हणून वापरला जातो: नियमावर बोट ठेवणाऱ्या वडीलजनांना परूशी, चर्चच्या हिशेबात काटेकोर असणाऱ्या खजिनदाराला परूशी. मत्तयाच्या २३व्या अध्यायातील ‘अहो शास्त्र्यांनो, अहो परूश्यांनो’ हे धिक्कार आपल्या कानांत बसले आहेत. पण निकदेम परूशी होता, गमलिएल परूशी होता, आणि पौलाने न्यायसभेपुढे ‘मी परूशी आहे’ असे वर्तमानकाळात म्हटले. लूकच्या १३व्या अध्यायात हेरोद तुला मारायला पाहतो, येथून निघून जा, असे येशूला येऊन सांगणारेही काही परूशीच आहेत. आजचा यहूदी धर्म ज्या रब्बींच्या परंपरेतून आला, ती परूश्यांचा वारसा सांगते. म्हणून ढोंगाला ढोंग म्हणावे, काटेकोरपणाला काटेकोरपणा म्हणावे. ‘शास्त्री’ हा शब्दही जाता जाता लक्षात घ्यावा. तो अनेक मराठी घराण्यांचा मान आहे, आणि उपदेशात तो येतो तेव्हा तो पहिल्या शतकातील यहूदी नियमशास्त्राच्या पंडितांसाठी आहे, हे श्रोत्यांना एकदा सांगून टाकलेले बरे.

‘धर्मांतर’, ‘बाटणे’, ‘अंधारातून प्रकाशात येणे’ यांपैकी कोणता शब्द योग्य?

‘बाटणे’ म्हणजे विटाळणे. ‘बाटगा’ हा शब्द आजही तोंडावर फेकला जातो आणि तो अपमानच आहे. त्याविषयी चर्चेला जागा नाही.

‘धर्मांतर’ हा शब्द मात्र एकाच अर्थाचा राहिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या परंपरेत ‘धर्मांतर’ हा माणूसपणाचा आणि अभिमानाचा शब्द आहे. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत तोच शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात आमिष आणि फसवणूक उभी राहते. हा फरक कधी कधी केवळ विभक्तीत लपलेला असतो. ‘टिळकांनी धर्मांतर केले’ असे म्हटले, तर कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ साली मुंबईत स्वतः विचारपूर्वक बाप्तिस्मा घेतला असा अर्थ होतो. ‘टिळकांचे धर्मांतर केले’ असे म्हटले, की ते कोणाच्या तरी हातातली वस्तू ठरतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या गतीने, ख्रिस्ती झाल्या. त्यांच्यासारख्या बाईविषयी ‘धर्मांतर घडवले गेले’ असे लिहिणे हे त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारे आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही घटनेच्या २५व्या कलमातील धर्मप्रसाराचा हक्क आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क यांत भेद केला, हे या चर्चेत बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे.

आपल्या बाजूची चूकही तेवढीच मोकळेपणाने सांगतो. साक्ष देताना ‘मी अंधारातून प्रकाशात आलो’, ‘सैतानाच्या बंधनातून सुटलो’ अशी वाक्ये आपण ऐकतो आणि आमेन म्हणतो. बोलणारा बहुधा स्वतःच्या व्यसनाविषयी किंवा निराशेविषयी बोलत असतो. पण मागच्या बाकावर मुलाच्या आग्रहास्तव आलेली त्याची आई बसलेली असते, कपाळावर कुंकू, हातात पर्स घट्ट धरलेली. तिने त्याला ज्या घरात वाढवले त्याच घराला तो अंधार म्हणतो आहे, असे तिला वाटते. ‘मी दारूच्या अंधारात होतो’ असे एक पद जास्त घातले असते, तर तिला ते कळले असते आणि कदाचित तिनेही मान डोलावली असती.

‘पुनर्बाप्तिस्मा’ म्हणणे योग्य आहे का?

हा शब्द एकाच बाजूचा आहे. ज्याला पुनर्बाप्तिस्मा म्हटले जाते तो घेणारा म्हणतो की, बालपणी जे झाले तो बाप्तिस्माच नव्हता, म्हणून हा पहिलाच आहे. ‘बालबाप्तिस्मा’ आणि ‘श्रद्धेची कबुली दिल्यावरचा बाप्तिस्मा’ ही वर्णने दोघांनाही चालतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा बॅप्टिस्ट आणि अँग्लिकन एकाच चर्चमध्ये आले, आणि दोन्ही पद्धतींना तेथे मान्यता मिळाली. शब्द आधी जुळले, म्हणून हे शक्य झाले.

‘अवतार’, ‘मोक्ष’, ‘वैकुंठ’ असे शब्द ख्रिस्ती चर्चेत वापरावेत का?

यावर मराठी ख्रिस्ती परंपरेतच दोन मते आहेत, आणि दोन्ही विचारी माणसांची आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापून आलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला, कारण ज्यांच्यासाठी ते ओव्या रचत होते त्यांच्या कानाला तो शब्द घरचा होता. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता होत्या, आणि म्हणूनच हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा घेऊन येणाऱ्या शब्दांविषयी त्या फार सावध होत्या. शब्दांच्या पोटात काय आहे, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होते.

माझा कल रमाबाईंकडे आहे, पण स्टीफन्स यांना चूक ठरवण्याचे धाडस मला होत नाही. व्यवहारात मी एवढेच करतो: ‘अवतार’ म्हणण्याऐवजी ‘देहधारण’ म्हणतो, कारण अवतार पुन्हा पुन्हा होतात असा मराठी मनाचा समज आहे आणि ख्रिस्ती श्रद्धा ते एकदाच झाले असे मानते. कोणी भजनात ‘अवतार’ म्हटले तर मी त्याला थांबवत नाही.

आपल्यालाच कोणी असा शब्द लावला तर?

त्या शब्दाचा अर्थ विचारावा, आणि खऱ्या उत्सुकतेने विचारावा. ‘तुम्ही मला पाखंडी म्हणालात, माझे कोणते विधान तुम्हाला खटकले?’ पुष्कळदा उत्तरात एखादा ऐकीव गैरसमज निघतो आणि तो पाच मिनिटांत दूर होतो. कधी कधी खरा मतभेद निघतो, आणि मग निदान त्यावर बोलता येते. शब्दाला शब्द परत केला तर यांपैकी काहीच होत नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचनात किंवा जुन्या उपासनापुस्तकात असे शब्द आले तर ते बदलून वाचावेत का?

पवित्र शास्त्राचा मजकूर मनाने बदलू नये. तो अधिकार वाचकाचा नाही, आणि मूळ शब्द झाकला की त्यावर शिकवण्याची संधीही जाते. वाचनाआधी किंवा उपदेशात दोन वाक्यांचे स्पष्टीकरण द्यावे.

‘कुष्ठरोगी’ हा शब्द उदाहरणादाखल घ्या. लेवीय पुस्तकाच्या १३व्या आणि १४व्या अध्यायांत ज्या हिब्रू शब्दासाठी तो वापरला आहे, तो कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होणाऱ्या डागांसाठी येतो. म्हणजे १८७३ साली हान्सेन यांनी ज्याचे जंतू शोधले तोच हा आजार, असे धरता येत नाही. तरी ‘पापाचे कुष्ठ’ हा दृष्टान्त आजही व्यासपीठावरून ऐकू येतो. उपचार पूर्ण करून बरे झालेले एक गृहस्थ आमच्या उपासनेला येतात. बोटे थोडी वाकलेली आहेत, गीतपुस्तकाची पाने ते तळहाताने उलटतात. मागच्या वर्षी येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांचा उतारा वाचायची पाळी आली, तेव्हा वाचन करणाऱ्या मुलीने आधी आम्हा वडीलजनांना विचारले की हा शब्द मोठ्याने वाचू का. आम्ही तो प्रश्न त्यांच्याकडेच नेला. त्यांनी सांगितले की शब्द वाचावा, फक्त त्या दहांपैकी जो आभार मानायला परत आला त्याच्याविषयीची ओळ जरा सावकाश वाचावी. तिने ती तशीच वाचली.